वस्तीचा नकाशा वस्तीलाच काढू द्या

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीच्या पत्रात मला ‘गावाचे सुशोभीकरण’ हा विषय दिला होता. मी अध्यक्षांना फोन केला आणि विषय थोडा बदलला तर चालेल का असे विचारले. ते म्हणाले, बदला, पण लांबवू नका. तेव्हा लांबवत नाही. मात्र आज जे बोलणार आहे ते काहींना रुचणार नाही, याची आधीच क्षमा मागतो.

गेल्या महिन्यात आपल्या काही सभासदांनी एक अर्ज तयार केला. बाजारपेठेच्या मागे व्हाळाच्या काठाला जी चाळीसेक घरे उभी राहिली आहेत ती हटवावीत, व्हाळ साफ करून तिथे बगीचा आणि बाके करावीत, अशी त्यात मागणी आहे. गावाचे नाव घेत नाही, बसलेल्यांना ते ठाऊक आहे. अर्जावर सह्या चालू आहेत. माझ्याकडेही कागद आला होता. मी सही केली नाही. का केली नाही, ते सांगण्यासाठी उभा आहे.

मित्रहो, सुरुवात आपल्याच घरापासून करू. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुळे जुन्या सुप्यात आहेत. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे ते गाव, तालुक्याचे ठिकाण. तालुक्याला आजही जुनी माणसे सुपाच म्हणतात. धरण आले, १९८७ साली पूर्ण झाले. १०१ मीटर उंच, ३३२ मीटर लांब. त्या पाण्यावर वीज तयार झाली, राज्याचे कारखाने चालले, दिवे लागले. आपले गाव मात्र पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, माणसे रामनगरला आणि इतरत्र विखुरली. ज्यांनी ते दिवस पाहिले ते सांगतात, की घराचा मोबदला मिळाला त्यापेक्षा जास्त बोच एका गोष्टीची राहिली. नव्या वसाहतीत रस्ता कुठे, विहीर कुठे, देवळापुढचे पटांगण केवढे, जनावरे कुठून हिंडणार, हे आपल्याला कुणी विचारलेच नाही. नकाशा आधी तयार होता, माणसे नंतर त्यात बसवली.

आता मी माझी गोष्ट सांगतो. मी तीस वर्षे सर्व्हेयर म्हणून काम केले. साखळी ओढली, खुणेचे दगड रोवले, नकाशे काढले. एकदा दुसऱ्या तालुक्यात नव्या वसाहतीचे भूखंड आखायचे काम माझ्याकडे आले. टेबलावर पट्टी ठेवून मी सरळ गल्ल्या काढल्या, सगळे भूखंड सारखे. साहेबांनी शाबासकी दिली. पहिल्याच पावसाळ्यात तिथे गेलो तर खालच्या रांगेतल्या अकरा घरांत गुडघाभर पाणी. डोंगरावरून येणारी पाण्याची जुनी वाट मी गल्लीने अडवली होती आणि तिला नवी वाट दिली नव्हती. एक म्हातारी बाई ओट्यावर उभी होती. रागावली नाही, एवढेच म्हणाली, “साहेब, आम्हाला विचारलं असतं तर दाखवलं असतं पाणी कुठून येतं ते.” चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हे. मोजणी बरोबर होती, पण त्या जमिनीवर राहणाऱ्यांना विचारणे राहून गेले होते.

तेव्हापासून या विषयाचे जे मिळेल ते वाचत आलो. इंग्रजीत याला लँडस्केप डिझाइन म्हणतात. आपण परिसररचना म्हणू. नाव ऐकले की हिरवळ, कारंजे, रंगीत बाके डोळ्यांपुढे येतात. पण परिसररचना म्हणजे मुळात चार प्रश्न आहेत. पाणी कुठून येते आणि कुठे जाते? माणसे कुठून चालतात? सावली कुठे आहे? आणि मोकळी जागा कुणाची? या चार प्रश्नांची उत्तरे कोण देते यावर न्याय-अन्याय ठरतो. गरीब वस्तीला बहुधा पाण्याची खालची बाजू, चालायला सर्वात अरुंद बोळ, सावली नाही आणि मोकळी जागा मुळीच नाही, अशी वाटणी होते. हा योगायोग नव्हे. चांगली जागा आधी आलेल्यांनी घेतलेली असते. आपण आधी आलो, हे विसरून चालणार नाही.

इंदूर हे तर आपल्या लोकांचे जुने वसतिस्थान. होळकरांच्या त्या नगरीत १९१७ साली प्लेगची धास्ती होती. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारांना बोलावले होते. हे गृहस्थ १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि गावोगाव पायी फिरून नकाशे करू लागले. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढायचे, हा त्या काळचा रिवाज त्यांना मान्य नव्हता. मोडकळीला आलेले एखादे घर काढा, बोळाला श्वास द्या, विहीर आणि झाड वाचवा, बाकी माणसे जिथे आहेत तिथेच राहू द्या, असे त्यांचे म्हणणे. इंदुरात त्या दिवाळीला त्यांनी एक मिरवणूक योजली आणि जाहीर केले, की जे रस्ते लोकांनी सर्वात स्वच्छ केले असतील त्याच रस्त्यांनी ती जाईल. गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. शेवटी घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांची होळी झाली. पुढे १९१९ साली हेच गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपले डॉ. गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी. शंभर वर्षांपूर्वी या माणसाला कळले होते, की स्वच्छता हुकमाने येत नाही, लोकांच्या हौसेने आणि अभिमानाने येते.

त्याच इंदुरात १९८९ नंतर हिमांशु पारिख या अभियंत्यांनी झोपडपट्ट्यांचे मोठे काम केले. खान आणि सरस्वती या नद्यांच्या व नाल्यांच्या काठाने बहुतेक झोपडपट्ट्या वसल्या होत्या. पारिखांनी हेच उलटे करून पाहिले. वस्त्या पाण्याच्या नैसर्गिक वाटांवर आहेत, मग त्याच वाटांनी गटारांचे जाळे एकमेकांना जोडले तर वस्तीही सुधारेल आणि सगळ्या शहराचे सांडपाणीही मार्गी लागेल. म्हणजे झोपडपट्टी ही शहराची अडचण न राहता शहर सुधारण्याचा रस्ता ठरते. या कामाला १९९८ साली आगाखान पुरस्कार मिळाला.

पण पुढचेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काही वर्षांत अनेक ठिकाणी गटारे तुंबली, जोडण्या अपुऱ्या राहिल्या, देखभाल कुणी करायची ते ठरले नव्हते, अशी सडकून टीका झाली. अभियंत्याची कल्पना उत्तम होती. पण काम वस्तीच्या नावाने झाले, वस्तीच्या हातात आले नाही, तर असे होते.

याउलट उदाहरण आहे कराचीचे. देश कुठलाही असो, चांगले ते घ्यावे. तिथे ओरंगी नावाची अफाट अनधिकृत वस्ती आहे. १९८० साली अख्तर हमीद खान यांनी तिथे काम सुरू केले. त्यांनी गल्ली हा घटक धरला. वीस-तीस घरांची एक गल्ली, तिने आपला एक प्रमुख निवडायचा, वर्गणी काढायची आणि आपल्या गल्लीचे गटार आपणच घालायचे. संस्था फक्त उतार मोजून देणार आणि गवंड्यांना शिकवणार. मोठा नाला आणि शुद्धीकरण मात्र सरकारने करायचे. घर, गल्ली आणि गल्लीचा निचरा लोकांचा, पुढचे सरकारचे, अशी सरळ वाटणी. तिथल्या वास्तुविशारद परवीन रहमान यांनी तरुणांना बरोबर घेऊन वस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे केले. २०१३ साली त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. नकाशा ही निरुपद्रवी वस्तू नाही, हे यावरून ध्यानात यावे. जमीन कुणाच्या वहिवाटीत आहे हे कागदावर आले, की ती गिळू पाहणाऱ्यांची गैरसोय होते.

आपल्या मुलुखाकडे या. मुंबईत जॉकिन अर्पुथम होऊन गेले. हे मूळचे आपल्याच राज्यातले, कोलारचे. त्यांची जनता कॉलनी १९७६ साली पाडली गेली, पण त्यांनी देशभरच्या झोपडपट्टीवासीयांचा महासंघ बांधला. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ साली ‘महिला मिलन’ ही संघटना उभी केली. त्या बायकांना नकाशा वाचता येत नव्हता. त्यांनी साड्यांनी मापे घेतली, बांबू आणि कापडाची खऱ्या मापाची घरे उभी केली आणि आत वावरून पाहिले. चूल इथे ठेवली तर धूर कुठे जाईल, पाण्याचा हंडा कुठे ठेवायचा, हे कागदावर दिसत नाही, कापडाच्या घरात दिसते.

पुण्याच्या येरवड्यात हीच पद्धत पुढे गेली. २००५ च्या डिसेंबरात केंद्राची नागरी नूतनीकरण योजना आली. तिच्या आधारे महापालिका, महिला मिलन आणि प्रसन्न देसाई यांच्यासारखे वास्तुविशारद यांनी वस्ती न पाडता सुधारायचे ठरवले. पक्की घरे तशीच ठेवली, फक्त कच्ची घरे घेतली. प्रत्येक घर २७० चौरस फुटांचे, दहा टक्के वाटा कुटुंबाचा. गल्ली तीच, शेजार तोच, पिंपळाचा पारही जागच्या जागी. अशा कामाला वेळ लागतो, वाद होतात. पण माणूस आपल्या पोटापाण्यापासून तुटत नाही.

आता आपल्या व्हाळाकडे वळतो.

अर्ज येण्याच्या सुमारास मी तीन दिवस त्या काठाने फिरलो. जुनी सवय, हातात वही आणि टेप. तिथे राहतात कोण? कुणी जंगलातून मुलांच्या शाळेसाठी खाली आलेले गवळी, कुणी कुणबी, दोन-तीन सिद्दी कुटुंबे, काही उत्तर कर्नाटकातून बांधकामावर आलेले मजूर. काही मराठी बोलतात, काही कानडी, काही उर्दू. त्यांच्या बायका आपल्या घरी धुणीभांडी करतात, पुरुष आपल्या दुकानांत हमाली करतात. सकाळी सातला ते आपल्याला हवे असतात आणि संध्याकाळी सातला त्यांची घरे आपल्याला नको असतात, असा हा प्रकार आहे.

मी व्हाळ खालून वर चालत गेलो. घाण कुठून येते ते पाहायचे होते. वस्तीची घाण आहेच, नाही कसे म्हणू? पण वस्तीच्या वरच्या अंगाला, आपल्या पेठेच्या मागच्या बाजूने, मी सात पाइप मोजले. हॉटेलचे, लॉजचे, आपल्या न्हाणीघरांचे पाणी त्या पाइपांनी व्हाळात उतरते. माझ्या चुलतभावाच्या घराचा पाइपही त्यात आहे. शिवाय पूर्वी आपली परसे मातीची होती, माड-पोफळीला पाणी मुरत असे. आता आपण फरशी आणि काँक्रीट घातले. पावसाचे पाणी मुरत नाही, छपरांवरून आणि अंगणांतून एकदम व्हाळात धावते. त्यातच पुलाजवळ दुकाने वाढवताना व्हाळाची रुंदी निम्मी झाली. वरून पाणी जास्त, खाली वाट कमी, म्हणून ते वस्तीत शिरते. वस्तीने व्हाळ अडवला असे अर्ज म्हणतो. टेप वेगळे सांगतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की पेठ आणि वस्ती यांचा नकाशा वेगळा नाही. पाण्याने आपल्याला जोडलेले आहे. वस्ती हटवून बगीचा केला तर पहिल्या आषाढात तो बगीचा वाहून जाईल, कारण दुखणे वर आहे.

मग काय करावे? मी माझ्या अल्पमतीप्रमाणे पाच गोष्टी सुचवतो.

पहिली, पाण्याचा नकाशा. येत्या पावसाळ्यात मोठी सर पडली, की वस्तीतली दहा माणसे, पेठेतली दहा माणसे आणि शाळेची मुले यांनी मिळून व्हाळ चालावा. पाणी जिथवर चढले तिथे भिंतीवर रंगाची खूण करावी. दोन पावसाळ्यांत असा नकाशा तयार होईल, की कुठल्याही कचेरीत तो खोटा ठरवता येणार नाही. मोजणी मी फुकट करून देईन, गुडघे साथ देतील तोवर.

दुसरी, बायकांची फेरी. वस्तीतल्या बायकांना पुढे चालू द्या, आपण मागे राहायचे. पाणी कुठून आणतात, अंधारात कुठे जावे लागते, दिवा कुठे हवा, लेकरे कुठे खेळतात, हे त्या दाखवतील. आपण फक्त लिहून घ्यायचे, मध्ये सल्ला द्यायचा नाही. हे आपल्याला जड जाईल.

तिसरी, काठाची बांधणी. सिमेंटचे उभे कठडे घातले की पाणी वेगाने धावते आणि खालच्या माणसाला बुडवते. त्याऐवजी जांभ्या दगडाच्या पायऱ्या-पायऱ्यांचा काठ, मध्ये वाळ्याचे गवत आणि बांबू, जेणेकरून माती धरली जाईल. पायऱ्यांवर बायकांना कपडे धुता येतील, मुलांना बसता येईल. प्रत्येक चार-पाच घरांमागे सांडपाण्याचा शोषखड्डा. आणि वरच्या सात पाइपांनाही तोच नियम. जी चार-पाच घरे अगदी पात्रात आहेत ती हलवावी लागतील, हे मी नाकारत नाही. पण कुठली, कुठे आणि कधी, हे त्या घरांशी बसून ठरावे.

चौथी, देखभाल. इंदूरचा धडा विसरू नये. दर घरामागे महिन्याला ठरावीक रक्कम, तेवढीच पेठेतल्या दर दुकानामागे, आणि हिशेब वस्तीतल्या बायकांच्या हाती. हिशेब दर अमावास्येला फळ्यावर लावावा.

पाचवी गोष्ट सर्वात अवघड. वस्तीला रस्त्याला जोडणारी वाट आपल्या एका जुन्या घराण्याच्या पडीक जागेतून जाते. पूर्वी ती पाणंद होती, गुरे तिथूनच जात. आज तिथे काटेरी कुंपण आहे. दवाखान्यात न्यायचे म्हटले तर आजारी माणसाला वळसा घालून न्यावे लागते. ती सहा फुटांची वाट मोकळी करावी, अशी त्या कुटुंबाला मी हात जोडून विनंती करतो. ते कुटुंब इथे बसले आहे आणि ते दानशूर आहे, हे मला ठाऊक आहे.

कायद्याचे काय, असे कुणी विचारील. कायदा सरसकट ‘हटवा’ म्हणत नाही. फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि नोटीस दिल्याशिवाय, ऐकून घेतल्याशिवाय काढू नये असे सांगितले. आपल्या राज्यात १९७३ चा झोपडपट्टी सुधारणा कायदा आहे, त्यात सुधारणेलाही जागा आहे. ग्रामीण भागात सरकारी जमिनीवरची घरे नियमित करण्यासाठी महसूल कायद्याचे कलम ९४-सी आहे, मात्र वनजमिनीला ते लागू नाही, आणि आपल्या तालुक्याची बहुतेक जमीन वनखात्याची. तिथे २००६ चा वनहक्क कायदा येतो. त्यात आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. हा पुरावा किती घरांना जड जातो हे आपल्या कुणबी बांधवांना विचारा. म्हणून प्रत्येक घराचा कागद वेगळा पाहावा लागेल. आणि सर्वात जवळचे साधन म्हणजे वॉर्ड सभा आणि ग्रामसभा. १९९३ च्या पंचायत कायद्याने त्या दिल्या आहेत. आपण तिथे जातो किती, आणि वस्तीतल्या माणसाला बोलू देतो किती?

मित्रहो, आपण या राज्यात अल्पसंख्य भाषिक म्हणून जगतो. कागद आपल्या भाषेत मिळावा, आपले म्हणणे कचेरीत ऐकले जावे, आपल्यावर निर्णय आपल्याला विचारून व्हावेत, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ते म्हणणे खरे असेल तर ते व्हाळाकाठच्या माणसालाही लागू आहे, मग तो कुठलीही भाषा बोलो. स्वतःसाठी मागायचा तो न्याय आणि दुसऱ्याने मागितला तर ते अतिक्रमण, असे दोन मापांनी मोजणे मला तीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवले नाही.

ज्यांची घरे सुप्याच्या पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्यांची घरे उठवण्याच्या अर्जावर सही करावी, हे मला पटत नाही. अर्ज मागे घ्या असे मी म्हणत नाही, तो अधिकार मंडळाचा आहे. एक पावसाळा थांबा, एवढीच विनंती. एकदा माझ्याबरोबर, हवी तर छत्री घेऊन, तो व्हाळ खालून वर चाला. वस्तीतल्या माणसांना दाखवू द्या, पाणी कुठून येते ते. त्यानंतरही सही करावीशी वाटली, तर माझी हरकत असणार नाही.